मोटारीचे चाक : लहान की मोठे, हलके की जड?

मंडळी, मोटार घ्यायची म्हटली की आपण इंजिनाची चौकशी करतो, तेल किती खाते ते विचारतो, बैठक बसून पाहतो. चाकाकडे लक्ष जाते ते हवा गेली म्हणजे. अलीकडे मात्र चाकाला आणखी एक मान मिळू लागला आहे, तो शोभेचा. मूळची चाके काढून त्यांच्या जागी मोठी, रुंद, जाड टायरांची चाके बसवून घ्यायची हौस पुष्कळांना असते. गाडी उंच दिसते, रुबाबदार दिसते. "बसतात की!" म्हणून दुकानदारही भर घालतो.

बसतात हे खरे. पण चाक बसणे वेगळे आणि गाडीला मानवणे वेगळे. हीच गाडी उद्या वडापाला लागते, शाळेतली मुले नेते, भरल्या वजनाने घाट उतरते. तेव्हा चाकाच्या मापाचा आणि वजनाचा गाडीच्या चालीशी काय संबंध आहे, हे नीट समजून घेणे बरे.

प्रथम मोठ्या चाकाची बाजू ऐका. आपल्या जुन्या बैलगाडीचे चाक बघा. तुंब्यात आरे, आऱ्यांवर लाकडी घेर आणि घेरावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. एवढे मोठे चाक सुताराने हौसेने केले नाही. वाटेत वीतभर रुंदीचा खड्डा आला, तर लहान चाक त्यात बुडते. मोठे चाक खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकून वरच्या वर निघून जाते. धोंडा आडवा आला, तर लहान चाक त्याच्यावर आपटते; मोठे चाक त्याच्यावर हळूहळू चढते. बैलांचे श्रम वाचतात. अमेरिकेत १९०८ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने 'मॉडेल टी' ही मोटार काढली, तिची चाकेही टायरसकट सुमारे ३० इंच उंचीची होती. तिकडच्या शेतकऱ्यांच्या वाटाही त्या काळी चिखलाच्या आणि चाकोऱ्यांच्याच होत्या. वाट वाईट तेथे मोठे चाक, हा हिशेब सगळीकडे एकच.

मग सगळ्याच मोटारींना मोठी चाके का लावीत नाहीत? इंग्लंडात १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' नावाची छोटी मोटार तयार केली. लांबी अवघी १० फूट, पण आत चार माणसे बसावयाची. म्हणून त्यांनी मुद्दाम १० इंची रिमची चाके घेतली. चाकाने अडवलेली जागा माणसांना मिळाली. रस्ते डांबरी होते, तेव्हा हे जमले. म्हणजे चाकाचे माप गाडीचे काम आणि रस्ता पाहून ठरते.

आता मुख्य गोष्ट. चाक हा स्वतःच एक गिअर आहे. साखळीची सायकल येण्यापूर्वी पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी एक सायकल असे. तिचे पायटे थेट पुढच्या चाकालाच असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तेव्हा वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून गती नव्हती. ५ फूट उंचीचे चाक एका फेऱ्यात जवळजवळ पावणेपाच मीटर पुढे जाई. सपाटीवर ती वाऱ्यासारखी पळे, पण चढ आला की स्वाराचा दम निघे. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांनी साखळीची 'रोव्हर' सायकल काढली आणि दोन्ही चाके साधारण सारखी करता आली. आपण आज चालवतो ती सायकल तिच्याच वंशातली.

मोटारीत हेच घडते. इंजिन आसाला पीळ देते. चाक त्या पिळाचे रूपांतर जमिनीवरच्या रेट्यात करते. पीळ तेवढाच ठेवून चाक मोठे केले, तर एका फेऱ्यात अंतर जास्त कापले जाते, पण रेटा त्याच प्रमाणात घटतो. एक उदाहरण करून पाहू. मारुती ८०० ही मोटार १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या टायरचे माप १४५/७० आर १२. यातला १४५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ७० म्हणजे रबराच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७०, म्हणजे साडेएकशेएक मिलिमीटर. १२ म्हणजे रिमचा व्यास १२ इंच. खालची-वरची बाजू आणि रिम मिळून चाकाचा व्यास भरतो सुमारे ५०८ मिलिमीटर. असे चाक एका किलोमीटरला सुमारे ६२७ फेरे घेते. समजा, कोणी तेथे व्यासाने दहा टक्के मोठे चाक बसवले. आता फेरे ५७० च्या आसपास पडतील. आणि जेथे १०० किलोचा रेटा मिळत होता तेथे ९१ किलोचाच मिळेल. चढावर जी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निघत होती, तिला पहिला गिअर घालण्याची पाळी येईल.

येथवर नुकसान दमाचे झाले. पुढचे नुकसान जिवाचे आहे, ते ध्यानात घ्या.

गाडीचा वेग दाखवणारा काटा रस्ता पाहत नाही. तो फेरे मोजतो. चाक दहा टक्के मोठे झाले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. वेग दहा टक्के वाढला की गाडीतली गतीची ऊर्जा मात्र २१ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिवाय ब्रेकही चाकाला आसाजवळ धरतो. चाक मोठे झाले की पायाच्या त्याच जोराने जमिनीवर मिळणारी अडवणूक कमी होते. दोन्ही गोष्टींचा गुणाकार करा. पूर्वी काटा ६० वर असताना ब्रेक दाबल्यावर जी गाडी ३० मीटरांत उभी राहत होती, तिला पायाचा जोर तेवढाच ठेवला तर आता सुमारे ४० मीटर लागतील. दहा मीटर म्हणजे तीन मोठ्या पावलांचे अंतर नव्हे, बरं का. शाळेच्या फाटकापासून रस्त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे. चालक जोर वाढवील हे खरे, पण घाट उतरताना ब्रेक आधीच तापलेले असतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते.

आता वजनाकडे वळू. कुंभाराच्या चाकाचा घेर मुद्दाम जड ठेवलेला असतो. काठीने ते एकदा फिरवले की मग बराच वेळ फिरत राहते. पण फिरवायला जोर लागतो आणि थांबवायलाही. कुंभाराला ते फिरत राहायलाच हवे असते, म्हणून जडपणा हा त्याचा गुण. मोटारीला मात्र घडीघडी निघावे लागते आणि थांबावे लागते. तेथे तोच गुण दोष ठरतो. चाकाला दोन कामे एकदम करावी लागतात : पुढे जाणे आणि स्वतःभोवती फिरणे. बैठकीवर ठेवलेले १ किलो वजन फक्त पुढे जाते. तेच वजन चाकाच्या अगदी घेरावर असले तर ते पुढेही जाते आणि फिरतेही. म्हणून गाडीला वेग देताना ते जवळजवळ २ किलोंसारखे भारी पडते. तेच तुंब्याजवळ असले, तर हा जादा भार अगदी थोडा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. खर्च काही नाही. पातळ पत्र्याची एक नळी घ्या आणि तेवढ्याच जाडीचे लाकडी दांडके घ्या. दोघांचे वीत-वीत तुकडे करून नळीच्या कडा घासून घ्या. एक फळी तिरपी लावून दोन्ही तुकडे एकाच वेळी वरून सोडा. आधी मुलांना विचारा, पहिले कोण येईल? बहुतेक मुले जड तुकड्याचे नाव घेतील. पण जड कोणताही असो, दांडकेच पुढे जाईल. दांडके चार फूट गेले असेल तेव्हा नळी तीन फुटांच्या आसपास असेल. कारण नळीचे सगळे वजन घेरावर आहे आणि दांडक्याचे आतपर्यंत पसरलेले आहे. वजन किती यापेक्षा वजन कोठे, हे तेथे ठरवते.

यात अतिशयोक्ती नको. चार चाकांत मिळून १२ किलो वजन वाढले, तर सुटताना ते फार तर २४ किलोंसारखे वाटेल. एक शाळकरी मूल जास्त बसवल्यासारखे समजा. आणि एकदा गाडीने सपाटीवर एकसारखा वेग धरला की हा जादा भार उरतही नाही. म्हणून हलक्या चाकाचा फायदा गावातल्या थांबत-निघत जाण्यात जास्त, लांबच्या सरळ रस्त्यावर कमी.

जड चाकाचा खरा त्रास खराब रस्त्यावर होतो. गाडीचे बहुतेक वजन स्प्रिंगच्या वर असते. चाक मात्र स्प्रिंगच्या खाली. धोंड्यावर आपटून चाक उसळले की त्याला परत जमिनीवर आणण्याचे काम स्प्रिंगचे. चाक हलके असेल तर ते चटकन खाली येते. जड असेल तर उशीर लागतो. तेवढा क्षण ते अधांतरी असते, आणि अधांतरी चाकाला ना वळण कळते, ना ब्रेक.

"मग ट्रॅक्टरची मागची चाके एवढी मोठी, आणि त्यांच्या टायरांत वर पाणीही भरतात, ते कसे?" असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो योग्य आहे. ट्रॅक्टरला पळायचे नसते, ओढायचे असते. इंजिनाचा पीळ त्याच्या गिअरांनी आधीच कितीतरी पट वाढवलेला असतो. नांगर ओढताना चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून वजन लागते; मऊ मातीत रुतू नये म्हणून मोठा घेर लागतो. चाल मंद, म्हणून जडपणाचा जाच नाही. नांगराला जे पथ्य, ते मोटारीला कुपथ्य.

चकचकीत मिश्रधातूच्या रिमबद्दलही दोन शब्द. अॅल्युमिनियम पोलादाहून हलके हे खरे. पण रिम मोठे आणि रुंद केले की ते वजन पुन्हा भरून निघते. तेव्हा काट्यावर ठेवून पाहावे. रिम मोठे करून रबर पातळ केले, तर बाहेरचा व्यास तोच राखता येतो आणि वेगाचा काटाही खोटे बोलत नाही. पण मग रिम आणि खड्डा यांच्यामध्ये हवेची गादी थोडी उरते, आणि आपल्या रस्त्यांवर रिम वाकायला वेळ लागत नाही.

तेव्हा टायर बदलायची वेळ आली की जुन्या टायरवरचे माप आधी वहीत उतरवून घ्या आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. दुसरे माप सुचवले, तर वर सांगितल्याप्रमाणे व्यासाचा हिशेब मांडा. सातवीतल्या मुलालाही तो येतो. पुस्तिकेत नसलेले माप घेऊ नका. ज्याच्या गाडीत तुमची मुले शाळेला जातात, त्या चालकालाही हा हिशेब एकदा समजावून सांगा. रागावू नका, पाटी घेऊन बसा. तीस आणि चाळीस मीटर त्याला स्वतःच्या पावलांनी मोजू द्या. मग चाक कोणते बसवायचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.