अर्थभेदक ध्वनी आणि श्रोत्याचा मेंदू

स्वनिम म्हणजे अर्थभेद करणारा लघुतम ध्वनिघटक, ही व्याख्या तुम्हांला परिचित आहे. हा भेद श्रोत्याच्या ठायी कसा घडतो, ते आता पाहू.

ध्वनिलहरी अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचल्या की तेथील केसपेशी त्यांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात. येथवर केवळ मोजमाप असते, अर्थ नसतो.

‘ताट’ आणि ‘थाट’ हे शब्द घ्या. ‘त’ उच्चारताना जीभ दातांपासून सुटताच स्वरतंतूंचा कंप जवळजवळ लगेच सुरू होतो. ‘थ’मध्ये तो सेकंदाच्या काही शतांशांनी लांबतो, तर ‘द’मध्ये जीभ सुटण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत हे अंतर मोजले. त्यांत मराठी होती. मात्र ‘द’ आणि ‘ध’ या एका मापाने वेगळे होईनात. आपल्या प्राचीन ध्वनिशास्त्राने घोष आणि प्राण ही दोन लक्षणे स्वतंत्र मानली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा विलंब यंत्राने कणाकणाने वाढवत नेला, तरी श्रोत्याला मधल्या पायऱ्या जाणवत नाहीत. ‘त’ ऐकता ऐकता एकदम ‘थ’ ऐकू येतो. यास वर्गीय संवेदन म्हणतात. वर्गांच्या सीमा मातृभाषा आखते, आणि तीही फार लवकर. वर्कर आणि टीज यांच्या १९८४ च्या अभ्यासात इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे कळत. वर्षाच्या आतबाहेर ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली.

छत्रपती संभाजीनगरात मराठी आणि दखनी उर्दू शेजारी नांदतात. उर्दूत ‘ळ’ हा स्वनिम नाही. म्हणून दखनीभाषक विद्यार्थ्याच्या वहीत ‘काळ’चा ‘काल’ होतो. शिक्षक यास निष्काळजीपणा समजतात, ते अन्यायाचे आहे: त्याच्या कानाने दोन्ही ध्वनी एकाच कप्प्यात टाकलेले असतात. उलट, ‘क’ आणि नुक्त्याचा ‘क़’ यांतील फरक अनेक मराठीभाषकांच्या कानी पडूनही निसटतो. प्रौढ वयात अशा सीमा नव्याने शिकता येतात. मात्र केवळ नियम पाठ करून नव्हे, तर ‘काल–काळ’, ‘गोल–गोळ’ यांसारख्या जोड्या अनेकांच्या तोंडून वारंवार ऐकून.

स्वाध्याय : ‘चार’ (संख्या) आणि ‘चारा’ (वैरण) यांतील ‘च’चे उच्चार परिसरातील पाच भिन्नभाषक व्यक्तींना ऐकवा व कोणास भेद जाणवतो ते नोंदवा.