लग्नाच्या डीव्हीडी, सहा ड्राइव्ह आणि एक कॅबिनेट

चिखली असो, मेहकर असो की खामगाव, तालुक्याच्या बाजारपेठेतल्या जुन्या फोटो स्टुडिओत मागच्या खोलीत एखादं लोखंडी कपाट सापडतंच. वरच्या कप्प्यात व्हीएचएस कॅसेटी, त्याखाली मिनी डीव्हीच्या छोट्या कॅसेटी, मग नवरा-नवरीचे फोटो चिकटवलेल्या व्हीसीडी, मग डीव्हीडींचे गठ्ठे आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हार्ड डिस्क. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, ‘‘भाऊ, आमच्या लग्नाची शिडी हाये का तुमच्यापाशी?’’ बहुतेक वेळा ती असते. प्रश्न असतो तो चालेल का, हा.

कारण राइट केलेली डीव्हीडी ही अक्षय वस्तू नव्हेच. बाजारात विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कमध्ये खाचा साच्यातून उमटवलेल्या असतात. स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमध्ये मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्या थराचे वैरी. पत्र्याखालच्या खोलीत मलकापूर-नांदुऱ्याचे उन्हाळे काढलेली डिस्क वीस वर्षांनी वाचली गेली, तर नशीब म्हणायचं. सीडीचं तर आणखी नाजूक आहे. तिचा चंदेरी थर लेबलच्या बाजूला, वार्निशच्या लगेच खाली असतो, त्यामुळे हौसेने चिकटवलेला फोटोचा स्टिकर ओढून काढला की त्याच्याबरोबर लग्नही निघून येतं. स्टिकर तसाच राहू द्यावा. तो एका बाजूला सरकलेला असेल आणि डिस्क थरथरत असेल, तर वाचण्याचा वेग कमी करावा.

दुसरीकडे माल बनवणारेही हात काढून घेत आहेत. एकेकाळी घराघरात पोचलेल्या कोऱ्या डिस्क आणि स्वस्त सिनेमे विकणारी आपली मोझर बेअर २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनी डीव्ही कॅसेटींचं उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं. डीव्हीडी रायटर अजून मिळतात. ते मिळताहेत तोवर कपाट रिकामं करून घेणं शहाणपणाचं.

आता गणित. धरा, एका स्टुडिओत पाचशे डीव्हीडी आहेत. डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला साधारण १.३९ एमबी. ड्राइव्हवर १६ एक्स छापलेलं असतं, म्हणजे २२ एमबी, पण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेला पोचल्यावरच मिळतो. आत-बाहेर करणं धरून एका डिस्कला दहा मिनिटं लागतात असं समजू. पाचशे डिस्कना ८३ तास झाले. तीन ड्राइव्ह एकाच वेळी फिरवले तर हेच काम २८ तासांत उरकतं. जागा म्हणाल तर ४.७ जीबीच्या पाचशे डिस्क म्हणजे २.३५ टीबी, म्हणून ४ टीबीची एक हार्ड डिस्क पुरते. तिची दुसरी प्रत ठेवायला आणखी एक ४ टीबी. ज्यावर विंडोज चालतं ती वेगळी एसएसडी. म्हणजे झाले सहा ड्राइव्ह, आणि हे सगळं एका डेस्कटॉपमध्ये बसवायचं आहे.

तीन डीव्हीडी ड्राइव्ह घेण्यामागे वेळ वाचवण्याइतकंच दुसरंही एक कारण आहे आणि माझ्या मते तेच मोठं आहे. प्रत्येक ड्राइव्हची लेझर, तिचं भिंग आणि चुका दुरुस्त करण्याची पद्धत वेगळी असते. एका कंपनीच्या ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरीचा ड्राइव्ह निमूट वाचतो, हा अनुभव हे काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. तेव्हा तिन्ही ड्राइव्ह एकाच बनावटीचे घेऊ नयेत. एखादा जुना, भंगारातून काढून साफ केलेला असला तरी चालेल. शेवटची फायनलाइझ ही पायरी न करता कॅमेऱ्यातून काढलेल्या छोट्या डीव्हीडी तर कोणत्या ड्राइव्हला मानवतील, सांगता येत नाही.

जोडणीकडे वळताना आधी जुन्या मशीनबद्दल, कारण कपाटाच्या तळाशी पडलेल्या डिस्क त्याच काळातल्या आहेत. २००५च्या आसपास असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवर चाळीस पिनांचे दोन सॉकेट असत आणि त्यातून रुंद चपटी पट्टी निघे. एका पट्टीवर दोन ड्राइव्ह, दोन पट्ट्यांवर चार, संपली मर्यादा. पट्टीवरच्या दोघांतला मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे ड्राइव्हच्या मागच्या इवल्याशा जम्परने ठरवावं लागे. दोघांना मास्टर केलं की दोन्ही गायब. ऐंशी तारांच्या पट्टीत निळं टोक मदरबोर्डला, टोकाचं काळं मास्टरला आणि मधलं राखाडी स्लेव्हला, असा रंगांचा ठराव होता. एका पट्टीवर एका वेळी एकच ड्राइव्ह बोलू शकतो, म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क एकाच पट्टीवर ठेवून कॉपी केली की काम रेंगाळे. जाणकार दोघांना वेगळ्या पट्ट्यांवर टाकत. त्याहून जुन्या बऱ्याच मदरबोर्डना १३७ जीबीच्या पुढची जागा दिसतही नसे.

इंटेलने २००६मध्ये आपल्या चिपसेटमधून या पट्टीची सोय काढून टाकली आणि हळूहळू ते सॉकेट बोर्डवरून गेले. त्यामुळे त्या काळची हार्ड डिस्क आज वाचायची तर जुनं मशीन शोधत बसू नये. यूएसबीला जोडायचा अॅडॉप्टर घ्यावा, मात्र ज्याच्याबरोबर १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अॅडॉप्टर येतो तोच. मोठ्या हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि साधं यूएसबी पोर्ट फक्त ५ व्होल्ट देतं. जम्पर कुठे लावायचा याचा तक्ता डिस्कच्या स्टिकरवरच छापलेला असतो, तो पाहून मास्टर करून घ्यावं.

साटा ही नवी जोडणी आल्यावर ही सगळी कटकट मिटली. एक पोर्ट, एक केबल, एक ड्राइव्ह. जम्पर नाही, मास्टर नाही, स्लेव्ह नाही. सात संपर्कांची बारीक केबल, लांबी एक मीटरपर्यंत. साटाच्या पहिल्या पिढीचा वेगसुद्धा सेकंदाला १५० एमबी होता, आजचा ६००. डीव्हीडीचे २२ एमबी त्यापुढे काहीच नाहीत, म्हणून जुन्या-नव्या पोर्टचा भेद करायचं कारण नाही. अडचण फक्त संख्येची. स्वस्त मदरबोर्डवर बहुधा चारच पोर्ट असतात. शिवाय एम.२ खाचेत एसएसडी बसवली की काही बोर्डांवर एखाद-दुसरं साटा पोर्ट आपोआप बंद पडतं. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून केबल बदलत बसण्याआधी बोर्डाच्या पुस्तिकेतलं ते एक वाक्य वाचलं तर संध्याकाळ वाचते.

पोर्ट कमी पडले तर पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसणारं साटा कार्ड मिळतं, दोन पोर्टांचं किंवा सहा पोर्टांचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे ते आहे. सर्वांत छोट्या खाचेतूनही आपल्या कामापुरता वेग निघतो. एक पथ्य पाळावं. काही स्वस्त कार्डांना डीव्हीडी ड्राइव्ह मानवत नाहीत, तेव्हा डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डच्या पोर्टांना आणि हार्ड डिस्क कार्डाला द्याव्यात.

इथपर्यंत सोपं आहे. पोर्ट मोजता येतात, केबल दिसते. फसगत होते ती विजेच्या बाजूला.

हार्ड डिस्क फिरती झाली की सहा-आठ वॅट खाते, डोळ्यांत भरावं असं काही नाही. पण थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवातीचे काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, म्हणजे चोवीसेक वॅट. मशीन चालू करताच सगळ्या डिस्क एकदम उठतात. चार डिस्क म्हणजे शंभर वॅटचा झटका, वर डीव्हीडी ड्राइव्ह आणि प्रोसेसर. ‘४५० वॅट’ असं मोठ्या अक्षरात छापलेला, मशीनला वीज पुरवणारा स्वस्त एसएमपीएस नेमका इथे मान टाकतो. मशीन एकदा सुरू होतं, एकदा होत नाही, आणि दोष मदरबोर्डला दिला जातो. एसएमपीएस घेताना वॅटचा आकडा सोडून द्यावा आणि त्याच्या अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावं.

मग येतो स्प्लिटर, म्हणजे एका पॉवर पिनचे दोन किंवा चार फाटे करणारी तार. साटाच्या पॉवर जोडणीत पंधरा संपर्क असतात. त्यातले तीन १२ व्होल्टचे आणि प्रत्येकाची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून साडेचार. त्यावर दोन डिस्क कशाबशा निभावतात. चार लावल्या की उठतानाच आठ अँपिअर मागतील आणि प्लास्टिक वितळायची सोय होईल. त्यापेक्षा चार जाड पिनांच्या जुन्या मोलेक्सवरून फाटा काढावा, तिच्या पिना बऱ्याच जास्त प्रवाह सोसतात. तिथेही बाजारात दोन प्रकार आहेत. एकात तारा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात आणि मागची बाजू सपाट, बंद दिसते. दुसऱ्यात प्रत्येक तार वेगळी आत जाताना दिसते आणि मागचं झाकण निघतं. पहिल्या प्रकारात आतल्या आत तारा जवळ येऊन ठिणगी उडाल्याची, जोडणी जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. किमतीतला फरक चहा-नाश्त्याइतका असतो. दुसराच घ्यावा.

आणखी एक चकवा. अलीकडच्या काही मोठ्या हार्ड डिस्क जुन्या एसएमपीएसला जोडल्या की अजिबात फिरत नाहीत आणि माणूस डिस्क मेलेली समजून परत पाठवतो. डिस्क धडधाकट असते. साटाच्या पॉवर जोडणीतला तिसरा संपर्क जुन्या व्यवस्थेत ३.३ व्होल्ट देण्यासाठी होता, नव्या नियमात त्याच संपर्कावर वीज आली तर डिस्कने बंद राहायचं असं ठरलं. मोलेक्सवरून साटाचा फाटा घेतला की प्रश्न मिटतो, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते.

कॅबिनेट मात्र नवं घेऊ नका. समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेल्या आजच्या कॅबिनेटांत डीव्हीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची खाना उरलेलाच नाही. शाळेच्या नाहीतर कॉम्प्युटर क्लासच्या अडगळीत पडलेलं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं उंच, राखाडी, कुरूप कॅबिनेट शोधावं. एमएस-सीआयटी सुरू झाल्यापासून बुलढाणा जिल्ह्यातली किती मशीन आली आणि गेली, त्यातलं एखादं मिळेल. त्यात तीन-चार खाने असतात आणि पत्रा जाड असतो. लॅपटॉपला लावायचे पातळ यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह तीन घेऊन एका हबवर लटकवण्याचा मोह होतो, पण डिस्क फिरवताना हे ड्राइव्ह हबच्या पोर्टला झेपेल त्याहून जास्त प्रवाह मागतात आणि मधेच तुटतात.

आता उष्णतेचं. घाटावर बुलढाण्यात मे महिना सोसवतो, घाटाखाली नाही. खोलीतच ४३-४४ अंश असले तर बंद कॅबिनेटातली डिस्क सहज पंचावन्नच्या घरात जाते, आणि डिस्क बनवणारे साधारण साठची सीमा सांगतात. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला, त्यात उष्णता आणि डिस्क बिघडणं यांचा संबंध वाटत होता तितका घट्ट निघाला नाही. पण त्यांच्या डिस्क थंड इमारतीत होत्या, पत्र्याखाली नव्हत्या. दोन हार्ड डिस्कच्या मध्ये एक खाना रिकामा सोडावा, समोर १२० मिलिमीटरचा पंखा लावावा आणि शक्यतो हे काम पहाटे करावं. यूपीएस हवाच. कॉपी चालू असताना वीज गेली तर डीव्हीडीचं काही बिघडत नाही, लिहिली जाणारी हार्ड डिस्क मात्र अर्धवट राहते.

जोडणी झाल्यावर विंडोज टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवावी आणि बाकी सगळे ड्राइव्ह काढून ठेवावेत. नाहीतर विंडोज आपला सुरुवातीचा भाग भलत्याच हार्ड डिस्कवर टाकतं आणि ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. मग एकेक ड्राइव्ह जोडत जावा. जुन्या डिस्कवर जुनं विंडोज असेल तर मशीन तिथूनच सुरू व्हायला पाहतं, म्हणून बायोसमध्ये एसएसडी पहिल्या क्रमांकावर. कुरकुरणाऱ्या जुन्या डिस्कची विंडोज स्वतःहून तपासणी सुरू करू लागलं तर ती थांबवावी, तपासणीच्या धावपळीत उरलीसुरली डिस्क जाते. दोन टीबीहून मोठ्या नव्या डिस्कला जीपीटी पद्धतीनेच तयार करावं, जुन्या एमबीआर पद्धतीला त्यापुढची जागा दिसत नाही.

डीव्हीडी उघडली की आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या फाइली सुट्या ओढण्यापेक्षा पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा काढावी, म्हणजे मेन्यू आणि क्रम शाबूत राहतो. व्हीसीडीत .डॅट फाइली असतात, त्या व्हीएलसीत चालतात. अडलेल्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू उत्तम. वाचता येतं ते आधी उचलतं, खराब जागी नंतर पुन्हा पुन्हा येतं, आणि त्याची नोंदवही तशीच ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की राहिलेल्या जागांपासून पुढे चालतं. तीन वेगळ्या बनावटीच्या ड्राइव्हचा खरा उपयोग इथे होतो. फाइलीला नाव देताना वर्ष, गाव आणि दोन्ही आडनावं घालावीत. गिऱ्हाईक ‘आमचं लग्न’ म्हणून येतं, डिस्क नंबर ३१७ म्हणून नाही.

दुसरी ४ टीबी डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये कायमची जोडून ठेवली तर ती प्रत नव्हे. वीज कोसळली, एसएमपीएसने दगा दिला किंवा व्हायरस आला की दोन्ही एकदम जातात. कॉपी झाली की ती डिस्क काढायची, डबीत घालायची आणि स्टुडिओत न ठेवता घरी न्यायची. महिन्यातून एकदा आणून जोडायची, नवं काम तिच्यावर चढवायचं आणि परत न्यायची.