बालकाची तहान : ऊन केव्हा, आजार केव्हा?



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधोपचार हा माझा प्रांत नव्हे. तथापि नोंदणीच्या खिडकीजवळ बसणाऱ्या माणसाच्या कानी उन्हाळ्यात एक वाक्य वारंवार पडते : “बाळ सारखं पाणी मागतं, पण ऊनच एवढं आहे!” बहुतेक वेळा ते खरेही असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या तापी खोऱ्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो आणि अशा दिवसांत मूल पाणी मागणारच. मात्र याच उन्हाच्या आड क्वचित एखादा गंभीर आजार लपतो. तो वेळीच ओळखता यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रमाण पाहू. १० किलो वजनाच्या बालकास दिवसाला सुमारे १ लिटर, तर १२ किलोच्या बालकास सुमारे १,१०० मिलिलिटर द्रव लागते. दूध, वरण, पेज हे सर्व त्यातच आले. ऊन, ताप किंवा जुलाब असल्यास ही गरज वाढते. गोड सरबताची किंवा बाटलीची सवय लागलेली मुलेही दिवसभर काहीतरी पीत असतात; परंतु ती सहसा केवळ पाण्यासाठी रात्री झोपेतून उठत नाहीत.

खरी खूण पाण्याच्या पेल्यात नसून लघवीत आहे. उन्हाने तहान लागली असता पाणी घामावाटे जाते. म्हणून लघवी कमी व गडद पिवळी होते. तहान भरपूर आणि लघवीही भरपूर, असे दिसल्यास मात्र कारण ऊन नव्हे, असे समजून तपासणी करावी. बालमधुमेहात शरीरातील इन्सुलिन संपत जाते, रक्तातील साखर वाढते, ती लघवीवाटे बाहेर पडते व जाताना पाणी ओढून नेते. तहान हा त्याचा परिणाम होय. मूत्रपिंडाचे काही विकार आणि पाणी राखणाऱ्या संप्रेरकाची कमतरता यांतही असेच घडते. त्या विकारांत साखर वाढत नाही.

पुढीलपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे : पाण्यासाठी रात्री वारंवार उठणे, लंगोट नेहमीपेक्षा अधिक व जड भिजणे, कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, खाऊनही वजन घटणे, लघवी चिकट लागणे किंवा तेथे मुंग्या जमणे, जांघेतील पुरळ बरे न होणे.

उलट्या, पोटदुखी, जोरजोराने खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास किंवा गुंगी असल्यास एक तासही दवडू नये. ही लक्षणे ऊन लागणे, जुलाब-उलट्या वा न्यूमोनिया समजली जातात व वेळ जातो. मूल सुकलेले दिसते, तरीही लघवी भरपूर होते, ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. महामार्गाने धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठता येते.

दोन चुका टाळाव्यात. लघवी कमी व्हावी म्हणून मुलाचे पाणी तोडू नये. ते जिवावर बेतू शकते. तसेच मधुमेहाची शंका असता अशक्तपणावर उपाय म्हणून ग्लुकोज पावडर वा सरबत देऊ नये. तपासणीसाठी मूल उपाशी ठेवण्याची गरज नाही. बोटातील रक्ताचा एक थेंब पुरतो आणि निकाल मिनिटाच्या आत मिळतो. लक्षणे असताना साखर २०० किंवा अधिक आढळल्यास तो मधुमेहच समजून त्वरित उपचार सुरू करतात. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन यास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तत्पूर्वी या आजारातून मुले वाचत नसत. आज ती शाळेत जातात, खेळतात, संसार करतात. मात्र इन्सुलिन आयुष्यभर घ्यावे लागते व त्याला झाडपाल्याचा पर्याय नाही.

देणगीदारांसाठी एक उदाहरण नमूद करतो. इटलीतील पार्मा प्रांतात १९९१ पासून शाळांत व बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधे भित्तिपत्रक लावण्यात आले. कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर मधुमेह तपासा, असा त्याचा आशय होता. नव्याने निदान झालेल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांपैकी पूर्वी ७८ टक्के मुले रक्त आम्लयुक्त होण्याच्या अवस्थेत येत. १९९७ पर्यंतच्या काळात हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. आपली दोन-तीन वर्षांची बालके तर बोलूनही सांगू शकत नाहीत, आणि लंगोट त्यांची लघवी झाकतो. म्हणून येथे आई, आजी व अंगणवाडी सेविका यांनीच डोळे उघडे ठेवायचे आहेत.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर तपासणीची एक पट्टी थोडक्या रुपयांत येते, तर अतिदक्षता विभागातील एका दिवसाचा खर्च हजारांत जातो. आणि गमावलेल्या बालकाची नोंद कोणत्याच खात्यात बसत नाही. मराठी व अहिराणीतील भित्तिपत्रके आणि तपासणीच्या पट्ट्या यांसाठी आपले साहाय्य लाभावे, ही नम्र विनंती. ज्यांना देणगी शक्य नाही, त्यांनी हा मजकूर शेजारच्या घरी वाचून दाखवावा. तेही मोलाचेच साहाय्य ठरेल.