पाळीचा कपडा : लाज नको, ऊन हवे

विकतचे पॅड सोडून पुन्हा कपड्याकडे वळावे का, असे अनेक भगिनी विचारतात. जरूर वळावे. कचरा व खर्च दोन्ही वाचतात. मात्र कपडा स्वच्छ हवा. अपाय होतो तो ओलसर, लपवून वाळवलेल्या कपड्याने. ओलाव्यात जंतू व बुरशी वाढतात; खाज, पुरळ, जंतुसंसर्ग होऊ शकतो.

कपडा मऊ, सुती असावा. सहा-आठ घड्या शिवून ठेवाव्यात. दर चार ते सहा तासांनी घडी बदलावी. वापरलेली घडी आधी थंड पाण्यात भिजवावी. गरम पाण्याने डाग पक्का होतो. नंतर साबणाने धुऊन उन्हात वाळवावी. जळगाव-धुळ्याचे कडक ऊन फुकट मिळते, तरी घडी साडीखाली लपवली जाते! पावसाळ्यात इस्त्री फिरवावी.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तर विकतचे पॅडच बरे. ते शौचालयात न टाकता कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावे.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरात 92 जणींना स्त्रीरोग आढळले. आधी तपासणी झाली होती ती फक्त आठ जणींची. या आजारांची कारणे अनेक, पण संकोचाने ते अंगावर काढले जातात.

म्हणून खाज, दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आणि मुलीला पहिल्या पाळीआधीच हे सारे समजावून सांगावे.