नळी फुटली हे कंट्रोलरला कसं कळतं?

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि बियाण्याचा धंदा जिल्ह्यात रुजला. आज जाफराबाद तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे बीजोत्पादन प्लॉट दिसतात, आणि दहा गुंठ्यांच्या शेडला ठिबक, व्हॉल्व्ह, कंट्रोलर ही नवलाई राहिलेली नाही. पण कंट्रोलरला फक्त घड्याळ कळतं. वेळ झाली की व्हॉल्व्ह उघडायचा, संपली की बंद करायचा. मधल्या वेळात पाणी मुळाशी गेलं की उंदराने कुरतडलेल्या नळीतून धुऱ्यावर, याचा त्याला पत्ता नसतो. रात्रपाळीची लाईट असेल तर आपल्यालाही नसतो. सकाळी एका वाफ्यात चिखल, दुसरा कोरडा, आणि सोडलेलं खत वाहून गेलेलं.

त्याला हे कळावं म्हणून पाइपात पल्स देणारं पाण्याचं मीटर बसवतात. आतली चक्री पाण्याने फिरते, ती गिअरमधून एक काटा फिरवते, त्या काट्यावरचं लोहचुंबक दर फेरीला एक छोटा स्विच मिटवतं, आणि दोन तारांवरून कंट्रोलरला ठोका मिळतो. एका पल्सला किती लिटर, हा आकडा मीटरच्या पट्टीवर असतो आणि तोच कंट्रोलरमध्ये भरायचा असतो. इथे शून्याची चूक झाली की पुढचं सगळं गणित फसतं.

गणित करून बघू. दहा गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. नळ्यांत १.२ मीटर अंतर धरलं तर सुमारे ८३३ मीटर नळी लागते. दर ३० सेंटिमीटरला ड्रीपर म्हणजे २७७७ ड्रीपर. प्रत्येकी ताशी दोन लिटर, म्हणजे तासाला साडेपाच हजार, मिनिटाला साधारण ९२ लिटर. दहा लिटरला एक पल्स देणारं मीटर असेल तर साडेसहा सेकंदांना एक ठोका येईल. शंभर लिटरवालं घेतलं तर ठोक्यासाठी मिनिटाहून जास्त थांबावं लागतं. एवढ्या शेडला ते मीटर आंधळंच.

मीटर फिल्टरच्या पुढे बसवावं, म्हणजे चक्रीत कचरा अडकत नाही. पाण्याची दिशा बाणाप्रमाणे हवी. आधी पाइपाच्या व्यासाच्या दहा पट आणि नंतर पाच पट लांबीचा सरळ पाइप ठेवावा, कारण एल्बोला लागून मीटर बसवलं की पाणी घुसळत येतं आणि आकडा हलतो. पाइप पूर्ण भरून वाहिला पाहिजे. मोटार सुरू होताना रिकाम्या पाइपातली हवा चक्री गरगर फिरवते, म्हणून मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह हवाच. मीटरची तार मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपातून ओढू नये, नाहीतर नसलेल्या पल्स मोजल्या जातात. शेवटी मीटरच्या पुढून २०० लिटरचा ड्रम भरून पाहावा. वीस पल्स यायला हव्यात. एखादी इकडेतिकडे चालेल.

आता अलार्मच्या मर्यादा. कागदावरचे ९२ लिटर आणि प्रत्यक्षातला प्रवाह यांत फरक असतो, म्हणून बहुतेक कंट्रोलरमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हचा प्रवाह नोंदवून घेण्याची सोय असते. ही नोंद नळ्या फ्लश करून, फिल्टर धुऊन, सगळं ठीक असतानाच घ्यावी. बोअरच्या क्षाराने ड्रीपर चोंदल्यावर घेतली, तर कंट्रोलर रोगालाच तब्येत समजतो.

जास्त प्रवाहाचा अलार्म किती वर लावायचा? सोळा मिलिमीटरची नळी मध्येच तुटली तर मिनिटाला दहा ते वीस लिटर वाढतात. ९२ वर हा फरक उठून दिसतो. दहा-पंधरा टक्क्यांवर अलार्म लावला तर सहसा पकडला जातो. पण अख्खा एकर एकाच व्हॉल्व्हवर असेल तर प्रवाह ३७० च्या आसपास जातो आणि तीच तुटलेली नळी तीन ते पाच टक्क्यांत दडून जाते. महागडं मीटर घेण्याआधी व्हॉल्व्ह वाढवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कमी प्रवाहाचा अलार्म फिल्टर चोंदल्याचं आणि विहिरीचं पाणी खाली गेल्याचं सांगतो. उन्हाळ्यात त्याची मर्यादा पुन्हा पाहावी लागते. सौरपंपावर मात्र ढग आला की प्रवाह पडतो. तिथे हा अलार्म भर उन्हाच्या वेळेपुरताच ठेवावा, नाहीतर दिवसभर मेसेज येतील आणि आठवड्यात कुणीतरी अलार्मच बंद करून टाकील. व्हॉल्व्ह उघडल्यावर पाइप भरेपर्यंतची दोन-चार मिनिटंही अलार्मने गप्प राहायला हवं. तेवढा उशीर सेटिंगमध्ये द्यावा. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना पल्स आल्या, तर गळती आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही.

पाणीच नाही, हा अलार्म थेट मोटार बंद करणारा हवा. कोरडी चालली तर मोटार जळते. इथेच आपल्याकडची खरी मेख आहे. स्टार्टरला ऑटो असतो. अलार्मने मोटार पाडली, मधे लाईट गेली आणि परत आली, की ऑटो ती पुन्हा चालू करतो. म्हणून कंट्रोलरचा रिले ऑटोच्या वायरिंगमध्ये असा जोडून घ्यावा, की अलार्म हाताने काढल्याशिवाय मोटार उचलणारच नाही. हे काम वायरमनकडून समोर उभं राहून करून घ्यावं.

मग चाचणी. चालू पाण्यात एका नळीचं टोक उघडावं आणि मेसेज येतो का पाहावं. नंतर व्हॉल्व्ह बंद करून मोटार पडते का पाहावं. मोटार पडली की लाईट घालवून परत आणावी आणि ती बंदच राहते ना, हेही बघावं. मेसेजसाठी नंबर मात्र शेतावर मुक्कामी असणाऱ्याचा द्यावा, जालन्यात राहणाऱ्या मालकाचा नंतर.