विषावर उतारा ठरणारे तेल
विदर्भात पिकणाऱ्या सोयाबीनचे शुद्ध तेल अंड्यातील फॉस्फोलिपिडच्या साहाय्याने पाण्यात अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात मिसळले, की शिरेतून देता येणारे दुधाळ 'लिपिड इमल्शन' तयार होते. मुळात पोषणासाठी असलेले हे द्रावण ब्युपिव्हाकेन या स्थानिक भुलीच्या औषधाच्या विषबाधेतून उंदरांना वाचवते, असे भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये दाखवले आणि माणसावरील पहिल्या यशाची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. हे थेंब मेदात विरघळणारे औषध रक्तातून टिपून हृदय व मेंदूपासून दूर नेतात. नागपूर परिसरात फवारणीच्या हंगामात होणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत मात्र ॲट्रोपिन या औषधाचाच मुख्य आधार असतो. तरीही स्थानिक भूल दिली जाणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात हे २० टक्के इमल्शन हाताशी असलेच पाहिजे.