जागत्या यंत्राची झिजती पाटी

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ च्या एप्रिल महिन्यांत केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्या उभारणीस मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या त्या यंत्रास अहोरात्र जागें राहावें लागेल. परंतु जागरणाचें व्रत मोठ्या यंत्रांनाच असतें असें नाहीं. त्याच जिल्ह्यांत वसमतकडील एखाद्या हळदीच्या शेतावर जमिनींतील ओल मोजण्यासाठीं तळहाताएवढा संगणक बसविला, तर त्यालाहि रात्रंदिवस जागावें लागतें.

२०१२ सालीं बाजारांत आलेल्या रास्पबेरी पायसारख्या या संगणकांत बहुधा फिरती तबकडी नसते. लिनक्स कार्यप्रणाली आणि साऱ्या नोंदी नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतात. बिनतक्रार चालणारें असें यंत्र एके दिवशीं सुरूच होत नाहीं, आणि हंगामभराच्या नोंदी त्याच्याबरोबर नाहींशा होतात. अशा वेळीं पहिला संशय कार्डाच्या झिजेचा घ्यावा.

ही झीज होते कशी? कार्डांतील फ्लॅश स्मृति तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं शोधिली व १९८४ सालीं जगापुढें मांडिली. तिच्यांत माहिती ठेवावयाची म्हणजे विद्युत्कण एका अतिसूक्ष्म निरोधक थरापलीकडे कोंडावयाचे. पुसतांना ते परत ओढून काढावे लागतात, आणि प्रत्येक ये-जा त्या थरास थोडी इजा करते. साध्या कार्डांतील पेशी साधारणतः हजार ते तीन हजार वेळां पुसल्यावर थकतात.

शिवाय या पाटीवर लिहितां येतें एकेका पानावर, पण पुसावी लागते ती अनेक पानांची चवड एकदम. शंभर अक्षरांच्या नोंदीसाठींहि सुमारें सोळा हजार अक्षरांचें सबंध पान खर्ची पडूं शकतें. दर दहा सेकंदांस अशी एक नोंद केली, तर दिवसाच्या ८,६४० नोंदी होतात. मजकूर नऊ लाख अक्षरांहूनहि कमी. पण प्रत्येक नोंद वेगळी लिहिली तर पानें खर्चतात ८,६४०, म्हणजे सुमारें चौदा कोटि अक्षरांची जागा!

मग उपाय काय? मोंढ्यांतील जुन्या वळणाचा अडत्या पोत्यागणिक खतावणी उघडीत नसे. कच्च्या खर्ड्यांत टिपून सायंकाळीं तो हिशेब पक्का करी. संगणकाचा खर्डा म्हणजे रॅम. तात्पुरत्या फायली व कार्यप्रणालीचा लॉग टीएमपीएफएस या सोयीनें रॅममध्यें ठेवावा. फाइल नुसती वाचली तरी वाचनाची वेळ अधूनमधून कार्डावर टिपली जाते. ‘नोएटाइम’ ही सूचना देऊन तें थांबवावें. रॅम अपुरी पडतांच कार्डावर पसरणारा स्वॅप बंद करावा. कार्डहि गरजेहून मोठें घ्यावें. मोकळी जागा असली म्हणजे त्यांतील नियंत्रकास झीज सर्व पेशींवर वांटून देणें सोपें जातें.

परंतु खर्ड्याला एक भय आहे. वीज गेली कीं रॅममधील सारें पुसलें जातें. आणि लिहितां लिहितां वीज गेली, तर कार्डावरील जुन्या नोंदीहि बिघडूं शकतात. शेतावरील विजेचा तर नेम नसतो. म्हणून यंत्रास लहान बॅटरीचा आधार द्यावा, वीज जातांच खर्डा कार्डावर उतरवून तें रीतसर बंद होईल अशी योजना करावी, आणि नोंदींची एक प्रत अन्यत्र ठेवावी.

तासातासानें लिहिलें तर ८,६४० पानांऐवजीं दिवसाला ७२ पानें पुरतात. त्याची किंमत म्हणजे फार तर एका तासाच्या नोंदी. जमिनींतील ओल तासाभरांत फारशी पालटत नाहीं. ती हानि सोसतां येते. पंप बिघडल्याची खूण मात्र तत्क्षणीं लिहिली पाहिजे. काय थांबूं शकतें आणि काय थांबूं शकत नाहीं, ही निवड कोणतेंहि यंत्र करीत नाहीं. ती शेतकऱ्यानेंच, आणि कार्ड थकण्यापूर्वीं, करावयाची असते.